वाऱ्याच्या कोपऱ्यात

मॉरिशसला जाणारा मराठी प्रवासी सहसा वारा चुकवतो. जून ते सप्टेंबर हा तिथला हिवाळा. या दिवसांत टूरवाले पश्चिम किनाऱ्यावरची हॉटेलं सुचवतात. आग्नेयेकडून येणारा वारा बेटाच्या मधल्या पठारावर आणि डोंगरांवर अडतो, त्यामुळे फ्लिक-आँ-फ्लाकच्या पुळणीवर समुद्र तळ्यासारखा पडून असतो. पूर्वेला मात्र टॉवेल उडतात, वाळू दातांखाली येते आणि मधुचंद्राचे फोटो बिघडतात. बेट जेमतेम ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद असलं, तरी एकाच दुपारी त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे ऋतू चालू असतात.

काइटसर्फिंग, म्हणजे पतंगाच्या ओढीने बोर्डावर उभं राहून पाण्यावरून धावणं, शिकायला येणारी माणसं नेमकं उलटं करतात. नकाशा उघडून ती थेट नैर्ऋत्येच्या टोकावर बोट ठेवतात. तिथे ल मॉर्न ब्राबाँ नावाचा ५५६ मीटर उंचीचा काळ्या बेसॉल्टचा डोंगर समुद्रात घुसलेला आहे. दक्षिण किनाऱ्याने सरकत आलेला वारा या टोकाला वळसा घालताना आणखी जोर धरतो. डोंगराच्या पायथ्याशी सुरूचं बन आहे, अगदी आपल्या कोकणातल्या किनाऱ्यांवर असतं तसंच. बनापलीकडे पांढरी पुळण, पुढे कंबरभर पाण्याचं उथळ खाजण आणि सगळ्यात शेवटी प्रवाळाची भिंत. मोठ्या लाटा त्या भिंतीवर फुटतात, आत येतं ते सपाट पाणी. वारा भरपूर आणि लाट नाही, अशी जागा नवशिक्याला सहजी मिळत नाही. पोहायला येणाऱ्याला बेटाचा जो कोपरा नकोसा वाटतो, तिथेच जगभरातून लोक पैसे मोजून येतात.

या वाऱ्याशी आपलं जुनं नातं आहे. दक्षिण हिंदी महासागरात, मॉरिशसच्याही बऱ्याच खाली, हवेच्या जास्त दाबाचं एक मोठं क्षेत्र असतं. हवामानशास्त्रज्ञ त्याला मस्कारेन हाय म्हणतात, आणि आपल्या मान्सूनच्या अंदाजांतही हे नाव येतं. दक्षिण गोलार्धातल्या हिवाळ्यात ते बळावतं. तिथली हवा विषुववृत्ताकडे निघते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे डावीकडे कलत आग्नेयेचा वारा म्हणून मॉरिशसवरून जाते. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडलं की तिचं वळण बदलतं. मग सोमालियाजवळून उजवीकडे वळून, अरबी समुद्रावरचं बाष्प उचलून ती सह्याद्रीवर आदळते. ल मॉर्नला जुलैमध्ये पतंगात भरणारा हा वारा आपल्या नैर्ऋत्य मान्सूनच्या मुळाशी आहे. मस्कारेन हे नाव ज्या पोर्तुगीज दर्यावर्दी पेद्रू मस्कारेन्यशवरून मॉरिशस आणि शेजारच्या बेटांना पडलं, तो पुढे गोव्याचा व्हाइसरॉय झाला आणि १५५५ मध्ये तिथेच वारला. म्हणजे त्याचाही मार्ग साधारण या वाऱ्याचाच.

शिकण्याची सुरुवात पाण्यात होत नाही. पहिला तास पुळणीवर, दोन-तीन चौरस मीटरच्या छोट्या पतंगाबरोबर जातो. लहानपणी संक्रांतीला गच्चीवर घासलेल्या मांज्याचा इथे उपयोग होईल असं मला वाटलं होतं. थोडा झालाही. वारा कुठून येतो हे गालाला कळण्याची सवय जुनी होती. पण गच्चीवरच्या पतंगाची सगळी अक्कल ढील आणि खेच यांत असते. इथल्या दोऱ्या ठरावीक लांबीच्या, वीस-चोवीस मीटरच्या; त्या सोडता येत नाहीत की ओढून घेता येत नाहीत. हातात एक आडवा दांडा असतो, त्याला बार म्हणतात. बारचं डावं टोक ओढलं की पतंग डावीकडे वळतो, उजवं ओढलं की उजवीकडे. शिवाय अख्खा बार पुढे-मागे सरकतो. तो आपल्याकडे घेतला की पतंगात ताकद येते, दूर ढकलला की जाते. संक्रांतीच्या हातांना हे सुचत नाही, कारण त्यांना पतंग डगमगला की खेचायची सवय असते.

प्रशिक्षक तिशीतला, तिथलाच क्रिओल, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या समाजातला मुलगा होता. त्याने वाळूत काठीने घड्याळ काढलं. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की डोक्यावर १२, डाव्या हाताला ९, उजव्या हाताला ३. पतंग या अर्धगोलातच उडतो. कडेकडेने, म्हणजे ९ ते १२ ते ३ अशा कमानीवर, त्याची ओढ कमी असते. समोर, वाऱ्याच्या अगदी खालच्या अंगाला, कमानीच्या पोटात ओढ सगळ्यात जास्त. तिथे पतंग नेला की माणूस उचलला जातो. या खेळातली सगळी शक्ती त्या पोटातून पतंग किती वेगाने आणि किती खोल नेला, यावर ठरते. हाताच्या स्नायूंचा त्यात वाटा फार थोडा. ओढ हातांवर येतच नाही, ती कमरेच्या पट्ट्याच्या, म्हणजे हार्नेसच्या आकड्यावर येते. म्हणून व्यायामशाळेत कमावलेल्या पोरांपेक्षा चाळिशीतल्या निवांत बायका लवकर शिकतात, असं त्याचं मत होतं. आमच्या तुकडीपुरतं तरी ते खरं निघालं.

नवशिक्याने एक हिशेब आधी डोक्यात बसवावा. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. बारा नॉटचा वारा चोवीस नॉट झाला तर ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर.) म्हणूनच शाळांच्या शेडमध्ये एका माणसासाठी चार-पाच मापांचे पतंग टांगलेले असतात. सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाला पंधरा-सोळा नॉटला बारा चौरस मीटरचा पतंग चालतो. बावीस-तेवीस नॉटला नऊचा घ्यावा लागतो. सकाळी निघण्यापूर्वी सगळे मोबाइलवर वाऱ्याचे अंदाज बघतात. पण ल मॉर्नचा डोंगर कोणत्याही ॲपला पुरता कळत नाही, त्यामुळे अखेर प्रशिक्षक सुरूच्या शेंड्यांकडे बघून माप ठरवतो.

खऱ्या पतंगाच्या पुढच्या कडेला हवेने फुगवायची जाड नळी असते, आणि तिला काटकोनात आणखी काही बारीक नळ्या. सायकलच्या पंपाच्या थोरल्या भावाने ती भरताना घाम निघतो. पण या नळीशिवाय हा खेळच उभा राहिला नसता. पतंगाने वाहन ओढायची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये जॉर्ज पोकॉकने १८२० च्या दशकात पतंगांनी ओढलेली घोडागाडी, अर्थात घोड्यांवाचूनची, रस्त्यावर चालवली होती. सॅम्युएल कोडीने १९०३ मध्ये पतंगाने ओढलेल्या होडीतून इंग्लिश खाडी ओलांडली. अडचण एकच होती. पतंग पाण्यात पडला की भिजून बुडतो आणि पुन्हा उडत नाही. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरच्या ब्रुनो आणि दोमिनिक लगेन्यू या भावांनी १९८४ मध्ये फुगवणाऱ्या पतंगाचं पेटंट घेतलं, तेव्हा ती सुटली. फुगवलेला पतंग पाण्यावर तरंगतो, एक दोरी ओढली की कुशीवर वळतो आणि पुन्हा आकाशात चढतो. तरी बाजाराने त्यांना दहा-बारा वर्षं दाद दिली नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मार्सेच्या समुद्रात याच खेळाच्या पहिल्या पदकांच्या शर्यती झाल्या.

पाण्यात उतरण्याआधी तीन गोष्टी डोळे मिटून करता आल्या पाहिजेत. पहिली, बार सोडून देणं. दुसरी, छातीसमोरची लाल मूठ ढकलून पतंगाची सगळी ताकद काढणं. ती ढकलली की पतंग एका दोरीवर लोंबकळत पडतो. तिसरी, ती एक दोरीही तोडून पतंगाला राम राम ठोकणं. ही तिसरी गोष्ट फक्त जिवावर बेतलं तर, किंवा आपला पतंग दुसऱ्याच्या दोऱ्यांत गुंतला तर. मुठींचा सराव मला सगळ्यात कंटाळवाणा वाटला आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा होता. ज्या शाळेत तो पाच मिनिटांत उरकतात, तिथे पैसे भरू नयेत. चांगली शाळा ओळखायच्या आणखी दोन खुणा म्हणजे एका प्रशिक्षकामागे दोनपेक्षा जास्त विद्यार्थी नसणं आणि शिरस्त्राणात वॉकीटॉकी असणं. वाऱ्यात वीस मीटरवरची हाक ऐकू येत नाही.

मग बोर्ड न घेता नुसतं ओढलं जाणं सुरू होतं. पोटावर पालथं पडायचं, पतंग डावीकडून उजवीकडे आठाच्या आकड्यात फिरवायचा आणि पाण्यातून फरफटत जायचं. हे नुसतं मजा म्हणून नसतं. पुढे बोर्ड पायातून निसटला की तो वाऱ्याच्या वरच्या अंगाला राहतो आणि पतंग आपल्याला खाली नेतो. एक हात सुकाणूसारखा पाण्यात रोवून, अंग तिरकं करून, नागमोडी रेघेत वर सरकत बोर्डापर्यंत पोचता आलं पाहिजे. नाकातोंडात खारं पाणी जातं, डोळे चुरचुरतात. हिवाळ्यात तिथलं पाणी बावीस-तेवीस अंशांच्या आसपास असतं; ऐकायला बरं, पण तासाभराने कोकणातला माणूस कुडकुडतो. पातळ वेटसूट घ्यावा. पायांत रबरी बूटही हवेत. तळाशी प्रवाळाचे धारदार तुकडे आणि काळे सागरी साळिंदर असतात, आणि दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिशही त्या पाण्यात आहे.

धोक्याची जागा मात्र तळाशी नाही, प्रवाळाच्या भिंतीतल्या खिंडीत आहे. बाहेरच्या लाटा प्रवाळावरून सतत पाणी आत टाकतात. ते पाणी कुठून तरी बाहेर जायला हवं, आणि ते या खिंडींतून जातं. त्यामुळे भरती-ओहोटीचा फरक अर्धा-पाऊण मीटर असूनही खिंडीकडे ओढ कायम असते. तिच्या बाजूलाच वन आय ही प्रसिद्ध लाट फुटते. तिच्यावर जगातले नामवंत खेळाडू येतात. त्या लाटेवरून डोंगराकडे पाहिलं की कड्यात डोळ्यासारखं एक भोक दिसतं, म्हणून हे नाव. आमच्या प्रशिक्षकाने पहिल्याच दिवशी एका बोयाकडे बोट दाखवलं. "त्याच्या पलीकडे गेलात तर मी होडी घेऊन येईन आणि आजचा तास संपेल." त्याने हे हसत सांगितलं, पण होडीचं इंजिन चालू ठेवलं होतं.

बोर्डावर उभं राहणं हा प्रकार शब्दांत सोपा आहे. पाण्यात बसायचं, पतंग १२ वर, बोर्ड दोन्ही पायांत, गुडघे छातीशी. पतंग झपकन १० कडे किंवा २ कडे खाली आणायचा, तो ओढेल तेव्हा उभं राहायचं. प्रत्यक्षात माणूस उभं राहायचा प्रयत्न करतो, तिथेच गाडं अडतं. आपण उठायचं नसतं, पतंगाने उठवायची वाट बघायची असते. पतंग हळू आणला तर ढुंगण पाण्यातून सुटत नाही. जोरात आणला तर बोर्डाला मागे ठेवून आपण पुढे उडतो. घाबरला की माणूस बार छातीशी ओढतो, आणि बार ओढला की ताकद आणखी वाढते. कानातल्या वॉकीटॉकीत सारखं तेवढंच ऐकू येत होतं. "बार सोडा. बार. सोडा. पतंगाकडे बघू नका, जायचंय तिकडे बघा."

बहुतेकांना पहिली सलग धाव मिळायला आठ-दहा तासांचं शिक्षण लागतं. दोन दिवसांत शिकवू म्हणणाऱ्या जाहिराती त्यामुळे फसव्या ठरतात. मला जमलं तेव्हा फार काही घडल्यासारखं वाटलं नाही. बोर्डाखालचा पाण्याचा खळखळाट एकदम बदलून कापड फाटल्यासारखा बारीक झाला आणि डावीकडची सुरूची रांग सरकू लागली. मग पतंग पाण्यात गेला.

दोन तासांच्या वर अंग चालत नाही, त्यामुळे दुपारी भरपूर वेळ उरतो. ला गोलेत या जवळच्या गावात काइटवाल्यांच्या स्वस्त खोल्या असतात. तिथे सकाळी दुकानावर धोल पुरी मिळते. वाटाण्याच्या डाळीचं सारण भरलेली ही मऊ पोळी जोडीनेच देतात, आत रस्सा आणि मिरचीची चटणी. पुरणपोळी तिखट झाली असती तर अशी लागली असती. शेजारी गातो पिमां असतात, म्हणजे आपले डाळवडेच. दमलेल्या अंगाला रिसॉर्टमधल्या बुफेपेक्षा हे बरं.

त्याच मोकळ्या वेळात डोंगराकडे नीट पाहायला होतं. ल मॉर्नला २००८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं ते त्याच्या देखणेपणासाठी नव्हे. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला उसाच्या मळ्यांतून पळालेले गुलाम या डोंगराच्या गुहांत आणि माथ्यावर लपून राहत. बेटावर गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ ला संपली. लोकांच्या तोंडी अशी हकीकत आहे की, ही बातमी द्यायला शिपाई डोंगर चढू लागले, तेव्हा ते धरायला आले असं समजून वरच्या माणसांनी कड्यावरून उड्या घेतल्या. कागदोपत्री याला पुरावा मिळत नाही. पण क्रिओल समाजाच्या स्मृतीत ती घट्ट आहे, आणि पायथ्याशी २००९ मध्ये उभारलेलं गुलामांच्या वाटेचं स्मारक पाहिल्याशिवाय त्या पुळणीवर पतंग फुगवू नये असं मला वाटतं. आमचा प्रशिक्षक डोंगराचं नाव घेताना आवाज खाली आणायचा. वर चढायचं विचारलं तर म्हणाला, वाटाड्या घेऊन जा, सकाळी लवकर जा.

गुलाम मोकळे होणार म्हटल्यावर मळ्यांना मजूर हवे झाले. १८३४ पासून १९२० पर्यंत पाच लाखांच्या घरात माणसं करारावर पोर्ट लुईला उतरवली गेली. ती जिथे उतरली तो अप्रवासी घाट आज जागतिक वारसा आहे. बहुतेक जण बिहार आणि मद्रासकडचे होते, पण मुंबई बंदरातूनही जहाजं गेली, आणि त्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूरकडची माणसं होती. त्यांच्या वंशजांची दाट वस्ती ल मॉर्नपासून तासाभराच्या आत, कास्कावेल गावात आहे. वारा पडलेल्या एका दिवशी मी तिथे गेलो. बोलणं क्रिओल भाषेत, शाळेत मराठी हा ऐच्छिक विषय, देवळात आरती मराठीत. गणेश चतुर्थीला देशाला सुट्टी असते आणि गणपतीत झाकरी नाचतात, म्हणजे कोकणातली जाखडी. देवळाच्या ओट्यावर एक आजी बसल्या होत्या. त्यांनी मला "कुठलं गाव?" एवढं स्वच्छ मराठीत विचारलं आणि पुढचं सगळं नातवाकरवी. मी पतंग लावून समुद्रात जातो हे त्याने सांगितल्यावर त्या नातवालाच रागावल्या, पाहुण्याला अडवलं का नाहीस म्हणून.

व्यवहाराचं बोलायचं तर मुंबईहून सहा तासांचं थेट विमान आहे आणि घड्याळ दीड तास मागे करावं लागतं. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. जून ते सप्टेंबर वारा सगळ्यात भरवशाचा, मे आणि ऑक्टोबरही चालतात. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचे महिने. ल मॉर्नला गर्दी वाटली तर दक्षिण किनाऱ्यावरचं बेल ओंब्र किंवा उत्तरेचं आंस ला रे ही सौम्य ठिकाणं आहेत. शिक्षण महाग आहे, कारण तासाचे पैसे माणसाला आणि साहित्याला दोन्हींना जातात. प्रवासविमा काढताना काइटसर्फिंग हा शब्द त्यात आहे ना हे वाचून घ्यावं, बऱ्याच विम्यांत तो वगळलेला असतो. पोहता येत नसेल तर आधी तेच शिकावं.

पहिली धाव जमली तरी माणूस वाऱ्याबरोबर खालीच सरकत जातो. बोर्डाची कड पाण्यात रोवून वाऱ्याच्या वरच्या अंगाला चढता आलं, निघालो त्याच जागी परतता आलं, की मग प्रशिक्षक लागत नाही. तोवर बोर्ड काखेत मारून पुळणीवरून चालत परत यायचं. काइटवाले त्या चालण्याला स्वतःच हसतात. माझं शिक्षण तिथेच थांबलं आहे. उरलेल्यासाठी मॉरिशस गाठायची गरज नाही. रामेश्वर ज्या पांबन बेटावर आहे, तिथल्या उथळ पाण्यात काइटसर्फिंग शिकवतात. आपल्या हिवाळ्यात तिथे ईशान्येचा वारा असतो, आणि एप्रिल ते सप्टेंबरमध्ये नैर्ऋत्येचा, म्हणजे ल मॉर्नवरून निघून विषुववृत्त ओलांडून आलेला. मुंबईहून मदुराईचं विमान आणि पुढे चार तासांची गाडी. पुढच्या जूनचं तिकीट काढलं आहे.